दोन्ही टोकं बघणाऱ्या बाई

पहिल्या दिवशी बाईंनी मला एकच प्रश्न विचारला. केबल ओढताना शिडी किती वेळा हलवता?

जितक्या वेळा लागेल तितक्या वेळा, असं मी सांगितलं. नोकरीत चोवीस वर्षं झाली होती. साहेब लोकांना काय ऐकायचं असतं ते मला कळत होतं. बाई चष्म्यावरून बघत राहिल्या. मग मी खरं सांगितलं. तीनदा हलवायला हवी तिथे दोनदा हलवतो, बाकी हात लांब करून भागवतो.

"चालेल," त्या म्हणाल्या. "खोटं तुम्हाला पचत नाही. माझ्याबरोबर राहा, मिस्त्री."

मी जन्मभर सरकारी इमारतींत केबल ओढली. छतावरून, जिन्याखालून, भिंतींच्या पोटातून. बाई आराखडा करायच्या. राज्य सरकारची चौतीस खाती. प्रत्येकाचे संगणक वेगळे, यंत्रांच्या खोल्या वेगळ्या, तारा वेगळ्या. एकाच रस्त्यावर एका वर्षात तीन खात्यांनी तीनदा खणून तीन केबली टाकल्या. तिन्ही वेळा मी खड्ड्यात होतो. तिसऱ्या वेळी समोरच्या दुकानातल्या न्हाव्याने विचारलं, तुमचं काही हरवलंय का?

हा पसारा आवरायचा. कुठल्या खात्याला काय लागतं, काय जोडायचं, काय बंद करायचं आणि कुठल्या वर्षी, ते ठरवायचं. बाईंच्या आराखड्यात सगळ्यांसाठी एक केबल होती, दोन मोठ्या यंत्रखोल्या होत्या, आणि एकसष्ट लहान खोल्या बंद व्हायच्या होत्या. तीन वर्षांचं काम. ते कागदावर आणायला बाईंना सहा वर्षं लागली.

आधी असे दोन आराखडे झाले होते. दोन्ही टेबलावर बसून केलेले, उंटावरून शेळ्या हाकल्यासारखे. एक कपाटात पडला. दुसरा बाईंच्याच टेबलाच्या मोडक्या पायाखाली होता. टेबल हलत नाही, एवढा तरी उपयोग झाला, असं त्या म्हणायच्या.

त्यांची खोली तिसऱ्या मजल्यावर. खिडकी नाही. चार टेबलं, त्यांतल्या दोनांवर माणसं, दोनांवर गठ्ठे. बाईंच्या टेबलाखाली जाड तळव्याचे बूट ठेवलेले असत. चपला घालून यायच्या, बूट घालून बाहेर पडायच्या. आराखडा संपत आला तेव्हा वय सत्तावन्न. मूळच्या महसूल खात्यात आकडे भरणाऱ्या. दिवसभर कळफलक बडवत वर चढलेल्या. वडील पोस्टमन होते. पत्ता चुकीचा असला तरी माणूस खरा असतो, हे वाक्य वडिलांचं. बाई ते वरचेवर वापरायच्या.

त्यांचा नियम एकच होता. केबलची दोन्ही टोकं डोळ्यांनी बघितल्याशिवाय आराखड्यात ओळ लिहायची नाही. एक टोक यंत्राला असतं, ते सगळ्यांना दिसतं. दुसरं कुठे जातं ते बघायला चालावं लागतं, चढावं लागतं, कधी आडवं पडावं लागतं. कचेरीत त्यांना 'टोकवाल्या बाई' म्हणत. तोंडावर नाही. त्यांना ते माहीत होतं, आणि मला वाटतं, आवडतही होतं.

चालायचं कारण होतं. वरून सगळ्या खात्यांना एक छापील प्रश्नपत्र गेलं होतं, दोनशे बारा प्रश्नांचं. सतरावा प्रश्न होता, तुमच्या यंत्रावर दुसरं कुठलं खातं अवलंबून आहे का? चौतीस खात्यांनी चौतीस वेळा लिहिलं, नाही. कारण 'हो' लिहिलं की जबाबदारी आली. शिवाय मागच्या वर्षी 'नाही' लिहिलं होतं, तर या वर्षी वेगळं कशाला? मागचा कागद काढायचा आणि उतरवायचा. मी त्याला पाट्या टाकणं म्हणतो. बाई म्हणाल्या, "एका चाळीत चौतीस बिऱ्हाडं, आणि एकाचीही भिंत दुसऱ्याला लागून नाही."

मग त्यांनी स्वतःचा कागद केला. एकच पान. त्यात कुणी विचारत नाही असले रकाने. यंत्रावर धूळ आहे का. खोलीत आवाज आहे का. खुर्ची आहे का, आणि तिची गादी बसकी आहे की फुगीर. मी विचारलं, खुर्चीच्या गादीचं काय करायचं? त्या म्हणाल्या, गादी बसकी असली तर तिथे माणूस बसतो. खात्याने काही का लिहिलेलं असेना.

दोन वर्षं आम्ही चाललो. मी शिडी घेऊन पुढे, बाई पॅड घेऊन मागे. एका खात्याची केबल शोधत आम्ही कचेरीच्या स्वच्छतागृहात निघालो. दुसऱ्या एका खात्याचं यंत्र, जे त्यांच्या यादीत 'अद्ययावत' होतं, त्यावर कुंडी ठेवलेली होती. कुंडीला पाणी घालणारा कारकून म्हणाला की यंत्र चालत नाही पण झाड छान आलंय. बाईंनी लिहिलं, यंत्र बंद, झाड चालू. आणि तो कागद तसाच फाइलला लावला.

माझ्या हिशेबाने बाई कष्टाळू होत्या, आणि मी हा शब्द सहज वापरत नाही. टेबलावर डोकं धरून बसणाऱ्यांना लोक कष्टाळू म्हणतात. बाई शिडीचं खालचं टोक धरायच्या. वरून माती पडायची, चष्मा पुसायच्या, पुन्हा धरायच्या. हात सोडून कधी फोनवर बोलल्या नाहीत. मी वर असताना शिडी सोडून गेलेले इंजिनियर मी पाहिले आहेत.

शेवटच्या काही महिन्यांत नकाशा कचेरीत मावेना, म्हणून रविवारी त्यांच्या घरी पसरायचा. दोन खोल्यांचं घर. बाईंचे यजमान शिवणयंत्रं दुरुस्त करत, त्यामुळे अर्ध्या खोलीत शिलाई यंत्रांची धडं. उरलेल्या अर्ध्या खोलीत राज्य सरकार. मी गुडघ्यावर बसून केबलींच्या रेघा मारायचो. त्यांच्या सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, कान तिखट, जीभ त्याहून तिखट. स्वयंपाकघरात जाताना त्या पदर सावरून नकाशावरून पाय उचलून टाकत.

"पाणीखातं ओलांडल्याशिवाय मला पाणी मिळत नाही या घरात," त्या मला म्हणाल्या. "सगळ्या राज्याची यंत्रं मोजते आमची सून. घरातले चमचे मोजायला सांगा तिला. दोन कमी आहेत."

बाई नकाशावरून मान न उचलता म्हणाल्या, "दोन्ही तुमच्या औषधाच्या डब्यात आहेत, आई."

होते तिथेच.

आता जे सांगायचं ते सांगतो.

आराखडा मंजूर करणारी समिती एका गुरुवारी शेवटची बसणार होती. त्यानंतर निवडणूक, नवं सरकार, नवी समिती. नवी समिती जुना आराखडा वाचत नाही. हे बाईंना मोडक्या टेबलाच्या पायावरून माहीत होतं. त्यांच्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते. म्हणजे त्या गुरुवारी सही झाली तर सहा वर्षं कामी आली, नाही तर तिसरा आराखडाही कुठल्यातरी टेबलाखाली. बाई हे बोलून दाखवत नसत. पण त्या महिन्यात त्यांनी बूट काढले नाहीत, घरीही तसेच घालून जात.

वेळ कमी होता, म्हणून शेवटच्या खोल्या आम्ही वाटून घेतल्या. बाई एका अंगाने, मी दुसऱ्या अंगाने, एकटा. माझ्या वाट्याला वजनमापे खातं आलं. लहान खातं, जुनी इमारत. खात्याने लिहिलं होतं की जिन्याखालच्या खोलीत एक जुनं यंत्र आहे, बंद आहे, काढून न्यावं. मी गेलो. जिन्याखाली लिफ्टची मोटर घरघरत होती, त्यामुळे दुसरा आवाज ऐकू येईना. यंत्रावर टॉवेल घातलेला. मागून एक केबल निघून वर खोट्या छतात गेलेली. मी ती ओढून बघितली. वीतभर खाली आली. तुटलेली केबल अशीच येते. दुसरं टोक बघायचं तर शिडी हवी होती, आणि शिडी मी दुसऱ्या मजल्यावर ठेवून आलो होतो. गुडघा दुखत होता. चव्वेचाळीस पायऱ्या. जाऊन आणायची तर अठ्ठ्याऐंशी.

मी टॉवेल उचलला नाही. शिडी आणली नाही. कागदावर लिहिलं, दोन्ही टोकं बघितली, यंत्र बंद. धुळीच्या रकान्यात लिहिलं, नाही, टॉवेल आहे, स्वच्छ.

बाईंनी माझ्या शब्दावर सही केली. ती खोली आराखड्याच्या एकेचाळिसाव्या पानावर गेली. बंद करायच्या क्रमात मात्र पहिली. पावसाच्या तोंडावर, पहिल्याच महिन्यात.

सल्लागार कंपनीचे एक गृहस्थ त्या वेळी कचेरीत येत. आम्ही त्यांना टायवाले म्हणायचो. माणूस वाईट नव्हता, घाईचा होता. त्यांचं म्हणणं असं, की एवढं चालायचं कशाला? ज्या यंत्राबद्दल शंका आहे ते एक दिवस बंद करा, कोण ओरडतं ते बघा. कुणीच ओरडलं नाही तर कायमचं बंद. बाईंनी त्यांना चहा दिला आणि म्हणाल्या, ओरडणारा माणूस त्या दिवशी जागेवर असेलच असं नाही.

सोमवारी दुपारी बाई शेवटचं वाचन करत होत्या. मी गठ्ठे बांधत होतो. एकेचाळिसाव्या पानाशी त्या थांबल्या. मूळ कागद काढला, माझ्या अक्षरातला. बराच वेळ बघत बसल्या.

"मिस्त्री, बंद यंत्राचा टॉवेल कोण धुतं?"

दोरीची गाठ मारत होतो, ती सुटली.

"किती वर्षं बंद आहे म्हणतात? सहा. सहा वर्षं टॉवेल स्वच्छ राहतो का? माझ्या घरात दोन दिवस राहत नाही." मग त्यांनी चष्मा काढला. "दुसरं टोक कुठे होतं?"

मी सांगितलं. बघितलं नाही म्हणून सांगितलं.

"शिडी कुठे होती?"

"दुसऱ्या मजल्यावर."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. खुर्ची मागे सरकवून उठल्या, बूट घातलेलेच होते. दारात जाऊन म्हणाल्या, "चला. आज मी शिडी घेते."

खरंच घेतली. मी घेऊ लागलो तर देईनात. जिन्यात दोन साहेब लोक भेटले, बाजूला झाले, बघत राहिले.

जिन्याखालच्या खोलीत त्या वेळी वजनमापे खात्याची शिपाई मावशी होती. पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. बादलीतून फडकं पिळत होती. बाईंनी टॉवेलाकडे बोट दाखवून विचारलं, हा तुम्ही धुता?

"दर शनिवारी," मावशी म्हणाली. "दोन आहेत. एक वाळतो, एक घालते."

कुणी सांगितलं, असं बाईंनी विचारलं. मावशीने जे सांगितलं ते असं. पंधरा वर्षांपूर्वी पाणीखात्याच्या कचेरीचं छत गळत होतं. त्यांचा एक इंजिनियर हे यंत्र उचलून इथे घेऊन आला, दोन महिन्यांसाठी म्हणून. छत दुरुस्त झालं, यंत्र राहिलं. इंजिनियर मावशीला म्हणाला, मावशी, यावर धूळ बसू देऊ नका, आणि मागची बाजू झाकू नका, ती गरम होते. पुढे तो बदलून गेला, मग निवृत्त झाला. मावशी धूळ बसू देत नव्हती. मागची बाजू झाकत नव्हती.

"मग खात्याने बंद आहे असं का लिहिलं?" बाईंनी विचारलं.

"मला कुठे कुणी विचारलं?" मावशी म्हणाली. "हेडक्लार्कांना विचारलं. ते जिना उतरतात, जिन्याखाली येत नाहीत."

बाईंनी टॉवेलाचं एक टोक उचललं. खाली हिरवा दिवा लागलेला होता.

त्यानंतर मी शिडी चढलो. छतात केबलचं वेटोळं होतं, म्हणून ती माझ्या हाताला वीतभर सैल लागली होती. तिथून ती बोळ ओलांडून, झरोक्यातून बाहेर, पावसाच्या पाण्याच्या पाइपला बांधलेली, शेजारच्या इमारतीत. दुसरा दिवस दुपारपर्यंत त्यातच गेला. अकरा वेळा शिडी हलवली. प्रत्येक वेळी बाईंनी खालून धरली. दुसरं टोक निघालं पाणीखात्यात, एका कारकुनाच्या टेबलावर.

हा कारकून रोज सकाळी पडद्यावरचे आकडे बघायचा. अकरा धरणांची पाण्याची पातळी. ती बघून दरवाजे सांभाळणाऱ्यांना फोन करायचा, कुणी किती उघडायचं ते. पंधरा वर्षं अकरा धरणांची खबर फोनच्या तारेवरून मावशीच्या टॉवेलाखाली येत होती आणि तिथून याच्या टेबलावर जात होती. बाईंनी त्याला विचारलं, आकडे कुठून येतात?

"पडद्यावर येतात," तो म्हणाला.

"पडद्यावर कुठून?"

त्याने पडद्याच्या मागे वाकून बघितलं. त्याला बिचाऱ्याला तोवर कधी गरजच पडली नव्हती. मग बाईंनी दुसरा प्रश्न विचारला. आकडे येणं थांबलं तर तुम्हाला कसं कळतं? तो म्हणाला, थांबत नाहीत. एकदा फोनची तार तुटली होती तेव्हा कालचेच आकडे दोन दिवस दिसत होते. तिसऱ्या दिवशी एका दरवाजेवाल्याने फोन करून सांगितलं, म्हणून कळलं.

म्हणजे आराखड्याप्रमाणे ते यंत्र बंद झालं असतं, तर कुणीही ओरडलं नसतं. पडद्यावर शेवटचे आकडे तसेच राहिले असते आणि धरणं भरत राहिली असती. बाई जिन्यात एका पायरीवर बसल्या. मीही बसलो, दोन पायऱ्या खाली.

मी म्हणालो, एकच पान आहे, बाई. ते काढून टाकू. बाकीच्या साठ खोल्यांना काय झालंय?

"त्यातल्या किती तुम्ही एकट्याने बघितल्या?"

नऊ. आणि त्या नऊ मी बघितल्या होत्या, शिडी लावून, हे मला ठाऊक होतं. तसं मी सांगितलं. बाईंनी मान हलवली. माझ्यावर विश्वास होता त्यांचा, अजूनही. पण त्या म्हणाल्या की अडचण नऊची नाही. सगळ्या खोल्यांत आपण यंत्राला विचारलं, तारेला विचारलं, हेडक्लार्कला विचारलं. झाडणारीला एकदाही विचारलं नाही. मीसुद्धा नाही. माझ्या पानावर खुर्चीच्या गादीचा रकाना आहे, मावशीचा नाही.

गुरुवारी मी नकाशाची गुंडाळी घेऊन समितीच्या दालनात गेलो. नकाशा स्टँडला लावायचा आणि मागे उभं राहायचं, एवढंच माझं काम. लांब टेबल, बारा माणसं, टोकाला समितीचे मुख्य साहेब. टायवालेही होते. त्या महिन्यात पहिल्यांदाच बाई कचेरीतल्या चपला घालून आल्या होत्या. बूट हातातल्या पिशवीत.

साहेबांनी चांगलं बोलून सुरुवात केली. असं काम राज्यात पूर्वी झालेलं नाही, आज सही करू, वगैरे. पेन उघडलेलं होतं. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की एकेचाळिसावं पान चूक आहे. त्या यंत्राचं दुसरं टोक मी बघितलं नव्हतं. मग सगळी हकिकत सांगितली. मावशी, टॉवेल, अकरा धरणं. माझं नाव नाही, माझी शिडी नाही, काहीच नाही. मी नकाशाच्या मागे उभा होतो. तोंड उघडलं. बाईंनी न बघता डावा हात जरासा खाली केला, मी शिडीवर असताना 'थांबा' म्हणून करायच्या तसा. मी थांबलो.

साहेब म्हणाले, ठीक आहे, एवढं पान वगळा.

बाई म्हणाल्या, फक्त पान नाही. बंद करायच्या सगळ्या खोल्यांचा भाग वगळावा लागेल. पुन्हा चालावं लागेल.

"बाई, एका टॉवेलासाठी?" साहेब म्हणाले. टेबलाभोवती हसू फिरलं.

"टॉवेल होता म्हणून सापडलं, साहेब. बाकीच्या साठ खोल्यांत टॉवेल नाहीत."

हसू थांबलं. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. ते सरळ माणूस होते, त्यांनी सरळ सांगितलं. ही समिती आज उठली की संपली. अर्ध्या आराखड्यावर मी सही करू शकतो, उद्यावर करू शकत नाही. खोल्या बंद करायचा भाग आज गेला तर तो पुन्हा कधी येईल, मी सांगू शकत नाही. तुमच्या वेळेत तर नाहीच.

बाईंनी फाइलची नाडी सोडली. तीस ते सत्तावन्न, अठ्ठावीस पानं. त्यांनी ती मोजून बाहेर काढली, कडा टेबलावर ठोकून सारखी केली, पिशवीत बुटांवर ठेवली, आणि नाडी पुन्हा बांधली. सरकारात कुणी स्वतःच्या हाताने स्वतःची पानं काढताना मी पाहिलं नव्हतं. लोक दुसऱ्यांची काढतात. एक केबल आणि दोन मोठ्या खोल्या, एवढ्यावर सही झाली.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, चूक माझी होती.

"सही माझी होती," बाई म्हणाल्या. "तुमची शिडी होती. शिडीबद्दल तुम्ही काय ते स्वतःला बोला, मला वेळ नाही." आणि बाकावर बसून बूट चढवू लागल्या.

उरलेले आठ महिने आम्ही पुन्हा चाललो. बाईंनी आपल्या पानावर एक रकाना वाढवला होता. ही खोली कोण झाडतं, त्यांना विचारलं का, त्यांची सही. साहेब लोक तो रकाना बघून हसायचे. झाडणाऱ्या मात्र हसल्या नाहीत. पहिल्यांदा घाबरायच्या, मग बोलायला लागायच्या, आणि एकदा लागल्या की त्यांना आवरणं कठीण. कुठलं यंत्र रविवारी गरम असतं, कुठल्याचा दिवा साहेब रजेवर गेल्यावर विझतो, त्यांना सगळं पाठ. आठ महिन्यांत एकोणीस खोल्या झाल्या. आणखी तीन यंत्रं निघाली, कुठल्याच यादीत नसलेली, जिवंत. मी एकदाही शिडी कमी हलवली नाही. हे सांगायची गोष्ट नाही, पण सांगतो.

मग बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेल्या माणसाने तो एक पानाचा कागद बदलला नाही. एवढी सभ्यता त्याच्यात होती. बेचाळीस खोल्या राहिल्या होत्या. त्याने आपल्या गतीने केल्या. नवी केबल पडली, रस्ता एकदाच खणला. न्हावी दारात येऊन उभा राहिला, सापडलं का म्हणाला.

जिन्याखालचं यंत्र सगळ्यांत शेवटी घेतलं. तीन वर्षं गेली होती मध्ये. माझ्या नोकरीचे शेवटचे दोन महिने राहिले होते. धरणांचे आकडे नव्या खोलीतून येऊ लागले. महिनाभर जुने आणि नवे शेजारीशेजारी ताडून बघितले, रोज. मग बंद करायचा दिवस ठरला. मी बाईंना फोन केला. सासूबाईंनी उचलला. ती यायची नाही म्हणाल्या, घरात भरपूर काम आहे. मागून बाईंचा आवाज आला, किती वाजता?

बाई आल्या. केस पांढरे झालेले, पायात बूट. मावशी होतीच. नव्या माणसाने कागद पुढे केला. मावशीने सावकाश सही केली, प्रत्येक अक्षर वेगळं काढून. मग तिने टॉवेल उचलला आणि नवा माणूस बटण दाबायला वाकला.

"दुसरं टोक?" बाई म्हणाल्या. विचारायचा अधिकार आता त्यांचा नव्हता. तरी तो माणूस थांबला आणि माझ्याकडे बघू लागला.

"बघितलं, बाई," मी म्हणालो. "सकाळी. आता तिथे काही येत नाही. कारकुनाला पण विचारलं."

हिरवा दिवा विझला. नवा माणूस यादी लिहायला लागला. यंत्र एक, केबल एक, खुर्ची नाही, टॉवेल एक. मावशीने टॉवेल घडी करून काखेत मारला.

"तो जमा करावा लागेल, मावशी," तो म्हणाला.

"का म्हणून?" मावशी म्हणाली. "सरकारने कधी दिला होता? माझ्या घरचा आहे. दुसरा घरी वाळतोय."

त्याने बाईंकडे बघितलं. बाईंनी त्याच्या हातातलं पेन घेतलं, यादीतली शेवटची ओळ खोडली आणि शेजारी सही केली. निवृत्त माणसाची सही चालत नाही. पण त्या दिवशी चालली.